घराचे नुकसान झाले. पण कागदावर ‘नुकसान’ म्हणजे नेमके काय?

पूर ओसरल्यानंतर पहिल्या चार-पाच दिवसांत वस्तीत बरीच माणसे येऊन जातात. तलाठी (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले आहे), ग्रामसेवक, नगरपालिकेचे कर्मचारी, एखाद्याची पॉलिसी असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर, शिवाय चादरी आणि पाण्याच्या बाटल्या वाटणाऱ्या संस्था. घरातली बाई प्रत्येकाला एकच सांगते, ‘साहेब, सगळं गेलं.’ आणि प्रत्येक जण आपापल्या वहीत वेगळे काहीतरी लिहून घेतो. महिन्या-दोन महिन्यांनी पैसे येतात तेव्हा शेजारशेजारच्या दोन घरांत फरक पडतो आणि मग वस्तीत भांडणे लागतात. ‘त्याची ओळख होती’ असे आपण म्हणून टाकतो. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा फरक पडतो तो वहीत लिहिलेल्या शब्दांमुळे. या शब्दांचा अर्थ आपल्या तरुण कार्यकर्त्यांना माहीत असला पाहिजे, कारण पंचनाम्याच्या वेळी घरातली माणसे चिखल काढण्यात गुंतलेली असतात आणि साहेबांसोबत फिरणारा बहुधा आपल्यातलाच कोणीतरी असतो.

कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पाहायला लोक लांबून येतात. त्याच कोयनेच्या काठची पाटण कॉलनी पावसाळ्यात पाणी वाढले की स्थलांतराच्या यादीत असते. खाली सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड ही नावे दर पुराच्या बातमीत पहिल्यांदा येतात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला आणि त्याच आठवड्यात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या. नदीकडेची, ओढ्याकडेची, गावाच्या खालच्या अंगाची जागा कोणाच्या वाट्याला येते हे आपल्याला समाजशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मोडलेली वस्तू आणि बुडालेला रोज

विम्यात आणि भरपाईच्या कायद्यात मालमत्तेचे नुकसान म्हणजे हात लावता येईल, मोजता येईल अशा वस्तूची मोडतोड किंवा नाश. भिंत पडली, पत्रे उडाले, फ्रिजमध्ये पाणी गेले, मोटारसायकल जळाली. बुडालेला रोज, बंद राहिलेले दुकान, हुकलेली परीक्षा, आई-वडिलांच्या लग्नाचा भिजलेला एकमेव फोटो, हे सगळे आपल्यासाठी नुकसानच आहे. पण ‘मालमत्तेचे नुकसान’ या रकान्यात ते बसत नाही.

समजा, एक ताई भाड्याच्या खोलीत शिवणकाम करतात. पुराचे पाणी खोलीत चार फूट चढले. त्यांचे शिलाई मशीन गंजले, हे मालमत्तेचे नुकसान. खोलीची भिंत खचली, हेही मालमत्तेचे नुकसान, पण घरमालकाचे. गिऱ्हाइकांचे वीस ब्लाऊजपीस सडले. ती मालमत्ता दुसऱ्यांची, पण सांभाळायची जबाबदारी ताईंची. बारा दिवस काम बंद राहिले, हा आर्थिक तोटा. त्यासाठी विम्यात वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि ते छोट्या कारागिराला कोणी सुचवत नाही. एकाच खोलीत चार प्रकारचे नुकसान आहे. पंचनाम्यात मात्र ‘घरात पाणी शिरून संसारोपयोगी साहित्याचे नुकसान’ एवढी एकच ओळ येते. मशीनचा उल्लेखच नसेल तर पुढे मशीनचे पैसे कोणाकडे मागणार?

पैसा तीन ठिकाणांहून येऊ शकतो: सरकारची मदत, विमा कंपनीचा दावा आणि ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याच्याकडून भरपाई. तिघांकडे दाखवायची भिंत एकच असते, पण तिघांचा पहिला प्रश्न वेगळा असतो. सरकार विचारते, घर अधिकृत आहे का? विमा कंपनी विचारते, पॉलिसीत काय लिहिले आहे आणि या वस्तूत तुमचा हितसंबंध काय? भरपाईचा दावा चालवणारे न्यायालय विचारते, हे कोणी केले? आपण तिघांनाही एकच उत्तर देतो, ‘सगळं गेलं.’

सरकारची मदत ही भरपाई नव्हे

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष केंद्र सरकार ठरवते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये आहेत. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४,०००, झोपडीला ८,००० रुपये. म्हणजे ‘पूर्ण’ आणि ‘अंशतः’ या दोन शब्दांमध्ये लाखाच्या वर अंतर आहे. तीन भिंती पडल्या आणि एक उभी राहिली तर काय लिहायचे, हे त्या वेळी तिथे उभ्या असलेल्या माणसांवर ठरते. पडायला आलेली चौथी भिंतही राहण्यालायक नाही, हे अभियंत्याकडून लिहून घेता येते. तसा आग्रह धरावा.

याच निकषांत घर अधिकृत बांधकाम असावे, सक्षम अधिकाऱ्याने तसे प्रमाणित केलेले असावे, अशी अट आहे. आपल्या वस्त्यांचा गळा इथे आवळला जातो. तीस वर्षे घरपट्टी भरलेली असते, वीजबिल नावावर असते, पण जागेचा कागद नसतो. राज्य सरकारे वेळोवेळी आपल्या तिजोरीतून जास्तीची मदत जाहीर करतात, अटी सैलही करतात. पण ते त्या त्या वेळच्या शासन निर्णयावर आणि लोकांच्या दबावावर अवलंबून असते. २०१९ मध्ये मोफत धान्य देताना घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असले पाहिजे अशी अट घातली गेली आणि तिच्यावर सर्व बाजूंनी टीका झाली. एका दिवसात पीठ कोरडे राहते, असे त्या अटीमागे कोणाला वाटले असावे!

मदतीचा हेतू माणूस पुन्हा उभा राहावा एवढाच मानला जातो. जितके गेले तितके देण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घेतलेले नाही.

‘आमचा विमा आहे’ म्हणजे कशाचा?

वस्तीत विचारले तर निम्मे लोक सांगतील, आमचा विमा आहे. कागद पाहिला की कळते, तो माणसाचा आहे. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी. ४३६ रुपये कापले जातात ती जीवनज्योती, मृत्यूसाठी. मायक्रोफायनान्सच्या कर्जातून कापलेला ‘विमा’ बहुतेक वेळा कर्जदार वारला तर कर्ज फिटावे म्हणून असतो. यातला एकही पडलेल्या भिंतीचा एक रुपया देत नाही. घर वाहून गेले तरी हप्ता चालूच.

घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी सर्व साधारण विमा कंपन्यांना ठेवावी लागते. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल, हेतुपुरस्सर केलेली नासधूस हे तिच्यात येते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण ज्या भागात अजून घराघरांत आहे, तिथे हे महत्त्वाचे आहे. घरातील साधारण सामान वेगळे न सांगताही घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरले जाते. भाडेकरूला फक्त सामानाची पॉलिसी घेता येते. छोट्या घराचा हप्ता वर्षाला काही शे रुपयांत बसतो. एजंट ही पॉलिसी घेऊन दारात येत नाहीत, कारण एवढ्याशा हप्त्यावर कमिशन किती मिळणार?

या पॉलिसीत घराची किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. चारशे चौरस फुटांचे घर आज पुन्हा बांधायला चौरस फुटाला दीड हजार रुपये लागत असतील तर किंमत सहा लाख. खालच्या जागेचा भाव कितीही असो, जमिनीचा विमा होत नाही. दरडीत ज्यांची जागाच नाहीशी होते त्यांना विमा असला तरी बांधकामाचेच पैसे मिळतात. नवी जागा हा पुनर्वसनाचा प्रश्न उरतो आणि तो सरकारशीच लढावा लागतो. रोख रक्कम, कागदपत्रे, हस्तलिखिते हेही पॉलिसीत वेगळे लिहून घेतल्याशिवाय धरले जात नाहीत.

दुकान असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. पाच लाखांचा माल असताना हप्ता वाचवायला अडीच लाखांचाच विमा काढला आणि दोन लाखांचा माल भिजला, तर दोन लाख मिळत नाहीत. निम्माच विमा म्हणून निम्मेच, म्हणजे एक लाख मिळतात. घराच्या पॉलिसीत ही कपात नाही. छोट्या व्यवसायांच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक माफ असतो, त्यापुढे कपात लागते.

आता विहाराचे घ्या. गावोगाव लोकवर्गणीतून उभी राहिलेली विहारे आहेत. मूर्ती, माईक सेट, ग्रंथांचे कपाट, सगळे वर्गणीतून आलेले. त्यांचा विमा कोणाच्या नावाने काढायचा? विमा काढणाऱ्याचा त्या मालमत्तेत कायदेशीर हितसंबंध लागतो. समिती नोंदलेली नसेल, जागा ग्रामपंचायतीची असेल आणि विटा-सिमेंटची बिले तीन वेगवेगळ्या कार्यकर्त्यांच्या नावावर असतील, तर कंपनीच्या लेखी मालक कोणीच नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदणी झालेली असेल तर विश्वस्तांच्या नावाने विमा काढता येतो. घराची पॉलिसी मात्र विहाराला चालत नाही, वेगळी घ्यावी लागते. जयंतीच्या मंडपावर आपण जो खर्च करतो त्याच्या किती लहान भागात हे होईल, याचा हिशेब प्रत्येक समितीने स्वतः करून पाहावा.

कोणी केले?

तिसरा रस्ता उत्तरदायित्वाचा. इथे सरकारचा निकष लागत नाही, पॉलिसीही लागत नाही. पण नुकसान कोणाच्या कृतीने किंवा हलगर्जीपणाने झाले ते दाखवावे लागते. २०१९ च्या पुरानंतर कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टीची पाणीपातळी यावरून बरेच रान उठले. सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० मधल्या तिच्या अहवालात पुराचे कारण म्हणून अलमट्टीकडे बोट दाखवलेले नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांवर भर आहे. तो निष्कर्ष पटो वा न पटो, जबाबदार कोण हे ठरले नाही की भरपाईचा दावा उभा राहत नाही आणि माणूस पुन्हा मदतीच्या रांगेत येतो. अतिक्रमण हा शब्दही सावधपणे वाचला पाहिजे. पूररेषेतील मंगल कार्यालयही अतिक्रमण आणि पूररेषेतील झोपडीही अतिक्रमण, पण आधी नोटीस कोणाला जाते?

जबाबदार माणूस सरळ दिसतो ते प्रकरण महामार्गाचे. कराड-मलकापूरवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या कडेला आपल्या कितीतरी मुलांच्या चहाच्या, पंक्चरच्या टपऱ्या आहेत. ट्रक टपरीत घुसला तर आपण चालकाला पकडतो, तिथल्या तिथे पाच-दहा हजारांवर ‘मिटवतो’ आणि पांगतो. प्रत्यक्षात प्रत्येक वाहनाला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसानही येते. मोटार आणि ट्रकच्या सर्वसाधारण पॉलिसीत ही मर्यादा साडेसात लाख, दुचाकीला एक लाख असते. मालकाने हप्ता कमी करायला ती ६,००० वर आणून ठेवलेली असेल तर उरलेले वाहनमालकाकडून मागावे लागते. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून थांबू नये. वाहन पळून गेले आणि क्रमांक मिळाला नाही तर मृत्यू किंवा गंभीर दुखापतीलाच सरकारी मदत आहे, मालमत्तेला नाही. तेव्हा पहिले काम क्रमांकाचा फोटो.

टपरी अतिक्रमणात आहे म्हणून दावा करता येणार नाही, असे आपलीच माणसे सांगतात. ते बरोबर नाही. जागा कोणाची हा टपरीवाला आणि रस्त्याचा मालक यांच्यातला प्रश्न आहे. त्यामुळे ट्रकवाल्याला टपरी चिरडायचा अधिकार मिळत नाही. टपरीचे पत्रे, शेगडी, माल ज्याच्या ताब्यात होता त्याला नुकसान करणाऱ्याविरुद्ध दाद मागता येते. सरकारच्या मदतीत जो कागद अडतो, तो इथे तसा अडत नाही. तीन रस्ते वेगळे समजून घ्यायचे ते यासाठी.

जातीय हल्ल्यातले नुकसान

आपल्या लोकांवर हल्ला होतो तेव्हा मारहाण नोंदली जाते, मालमत्ता राहून जाते. जखमी माणसाला दवाखान्यात न्यायचे की फुटलेल्या टाकीचे फोटो काढायचे, हे समजण्यासारखे आहे. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस, म्हणजे कायद्याच्या मराठीत ‘आगळीक’, किती रुपयांची झाली त्यावर शिक्षा बदलते. २० हजारांपासून एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, एक लाख किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. ‘किरकोळ नुकसान’ असे लिहिले गेले की गुन्हाही किरकोळ होतो.

अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ यापुढे जातो. कलम ३(१)(छ) नव्हे, इंग्रजी मूळ कायद्यातले ३(१)(जी) पाहावे: जमिनीवरून किंवा जागेवरून हुसकावणे, पिकांची नासाडी करणे. ३(१)(टी) मध्ये समाजाला पवित्र किंवा आदरणीय असलेल्या वस्तूची मोडतोड किंवा विटंबना येते. पुतळा, मूर्ती, विहारातील प्रतिमा यांची बाजारातली किंमत कितीही कमी असो. राहते घर किंवा प्रार्थनास्थळ आगीने नष्ट केले तर ३(२) खाली जन्मठेप आहे. १९९५ च्या नियमांतील नियम ६ प्रमाणे अधिकाऱ्यांनी घटनास्थळी जाऊन जीविताचे आणि मालमत्तेचे नुकसान मोजायचे असते, मदतीस पात्र लोकांची यादी करायची असते. घर जाळले किंवा पाडले असेल तर सरकारी खर्चाने वीट किंवा दगडी बांधकामाचे घर देण्याची तरतूद त्याच नियमांच्या जोडपत्रात आहे. ही मदत खटल्याच्या निकालाची वाट पाहत नाही. बौद्ध झाल्यामुळे हा कायदा लागू होत नाही असे कोणी ठाण्यात सांगितले तर १९९० ची दुरुस्ती दाखवा. तेव्हापासून बौद्ध धर्मीय अनुसूचित जातींना घटनात्मक दर्जा आहे.

उलट बाजूही कार्यकर्त्याला माहीत हवी. आपण मोर्चा काढतो, बंद पुकारतो. सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक कायदा, १९८४ खाली पाच वर्षांपर्यंत आणि आगीने नुकसान केले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नुकसान करणाऱ्यांबरोबर आयोजकांकडूनही वसुली होऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयाने तर ३० जुलै २००३ च्या बंदबद्दल शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले होते. पक्षांना २० लाख परवडतात. आपल्या मंडळाच्या अध्यक्षाला एका एसटीची काचसुद्धा परवडत नाही. म्हणून परवानगीच्या अर्जावर सही करणाऱ्याने आपले स्वयंसेवक, मार्ग आणि संपूर्ण मोर्चाचे व्हिडिओ चित्रीकरण याची व्यवस्था आधी करावी. काच कोणी फोडली हे दाखवायला तेच उपयोगी पडते.

मे महिन्यात करायचे काम

पावसाच्या आधी प्रत्येक घरात मोबाइल फिरवून खोल्यांचा, टीव्ही-फ्रिज-मशीनचा आणि भिंतींचा व्हिडिओ काढावा आणि वस्तीबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवावा. पुरात मोबाइलही जातो. बिले नसली तरी तारखेसह चित्रण हा पुरावा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शहरात सिटी सर्व्हेचा उतारा काढून नाव, क्षेत्रफळ आणि ‘कच्चे’ की ‘पक्के’ हे तपासावे. आजोबांच्या नावावर घर असेल तर वारस नोंद लावून घ्यावी. गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २०२० पासून सुरू आहे. आपली वस्ती त्या नकाशात आली आहे का, की रेषा वस्तीच्या अलीकडेच थांबली आहे, हे भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन डोळ्यांनी पाहावे. महार वतनाच्या जमिनींवर चुलत्या-पुतण्यांची पन्नास नावे असतात. घर कोणाच्या ताब्यात आहे याची वेगळी नोंद करून ठेवणे तिथे जास्त गरजेचे.

पंचनाम्यावर कोऱ्या जागा ठेवून सही करू नये. वस्तू एकेक करून लिहायला लावाव्यात, दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तू वेगळ्या लिहाव्यात आणि सही केल्यावर त्याचा फोटो घ्यावा. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेले सामान फेकू नये. फेकावेच लागले तर फोटो काढून. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर पुण्याचे विमा लोकपाल. तिथे वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते. अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो.